लिव्हरचा कॅन्सर आणि ‘थेट पेट स्कॅन करा’ हा मेसेज

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लिव्हरचा कॅन्सर सोनोग्राफीत कळत नाही, सीटी-एमआरआय म्हणजे कमिशनचा खेळ, थेट पेट स्कॅन करा, आणि बायोप्सी (सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं) तर करूच नका, कॅन्सर पसरतो, असं त्यात म्हटलंय. रावेरकडून वडिलांना घेऊन आलेल्या मुलानं तो मला दाखवला. “डॉक्टर, एकदाच पेट स्कॅन करी टाकू ना, बाकीनं कसाले?” त्याची तळमळ खरी होती. माहिती मात्र चुकीची होती.

आधी पेट स्कॅन. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात. ती पेशीत अडकून राहिली की ती जागा चमकते. पण लिव्हरमध्येच उगवलेल्या, सावकाश वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशी ही साखर परत सोडून देतात. शेजारचं निरोगी लिव्हरही थोडी साखर घेतंच. मग गाठ आणि आजूबाजूचा भाग सारखाच दिसतो. अशा ४० ते ५० टक्के गाठी पेट स्कॅनमध्ये सुटू शकतात. म्हणजे भरपूर पैसे मोजून ‘काही नाही’ असा खोटा दिलासा घरी न्यायचा. आजार लिव्हरबाहेर गेलाय का, हे पाहायला पेट स्कॅन कामाचा आहे.

सोनोग्राफीबद्दलचं म्हणणं अर्धवट खरं आहे. सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर वणांनी भरून कडक झालेल्या पेशंटमध्ये सुरुवातीच्या अवस्थेतले निम्मे कॅन्सर एका सोनोग्राफीत हुकू शकतात. जोडीला रक्ताची एएफपी तपासणी (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाची) केली तर पकड ६३ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणूनच सिरोसिस असेल, किंवा हिपॅटायटिस बी जुना असून डॉक्टरांनी धोका सांगितला असेल, तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करायची. किरणोत्सर्ग नाही, तालुक्याच्या गावी होते. १ सेंटिमीटरहून लहान गाठ दिसली तर लगेच धावाधाव नको, ३ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. मोठी असेल तर मात्र पुढची तपासणी टाळू नका.

पुढची म्हणजे ट्रायफेजिक सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय. कॉन्ट्रास्ट म्हणजे फोटोत उठून दिसणारं, शिरेतून टोचायचं औषध; ट्रायफेजिक म्हणजे ते टोचून तीन टप्प्यांत घेतलेले फोटो. लिव्हरला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून) मिळतं, बाकीचं धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढते. त्यामुळे कॉन्ट्रास्ट टोचल्यावर साधारण ३५ सेकंदांनी घेतलेल्या फोटोत गाठ उजळते आणि मिनिट-दोन मिनिटांनंतरच्या फोटोत आजूबाजूपेक्षा काळी पडते. हे उजळणं आणि काळवंडणं हीच तिची ओळख. लोक पैसे वाचवायला साधा सीटी करून येतात. त्यात यातलं काहीच नसतं, आणि मग दुसऱ्यांदा खर्च होतो. कमिशनचा राग मी समजू शकतो, तो बऱ्याचदा रास्तही असतो. पण चिठ्ठीवर ‘ट्रायफेजिक’ लिहिलंय का, एवढं आधी बघा. २ सेंटिमीटरच्या आतल्या गाठींना एमआरआय सीटीपेक्षा सरस. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.

राहिली बायोप्सी. सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजण्याचा धोका आहे, पण तो २ ते ३ टक्के. सिरोसिसच्या पेशंटमध्ये वरची खूण स्पष्ट दिसली, तर बायोप्सीशिवायच निदान पक्कं धरतात; म्हणजे सुई टाळायची असेल तर ती टाळता येते याच सीटी-एमआरआयमुळे. सिरोसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी नसेल, किंवा खूण अर्धवट असेल, तर मात्र सहसा तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाहीत.