आवड सापडत नाही, ती लागते

"दादा, मला नेमकं काय आवडतं तेच कळत नाहीये, मग नोकरी कुठली धरू?" डिप्लोमा झालेली मुलं हल्ली हे फार विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. घरी बसून आवड कळत नाही. हाताला काम लागतं, त्यातलं थोडं थोडं उमगायला लागतं आणि मग गोडी लागते.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचा विभाग बघतो. नव्या मुलाला जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, मशीनला लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, एवढंच दिसतं. कंटाळा येणारच. पण त्यातलाच एखादा चिप्सचा, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूच्या किसाचा, रंग बघायला लागतो. कटिंगचा आवाज बदलला की मान वर करतो. माप बिघडायच्या आधीच इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजल्याचं ओळखतो आणि शतांश मिलिमीटरचा ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, मशीनला स्वतः देतो. मशीन तेच, शिफ्ट तीच, पण त्या पोराच्या चालण्याबोलण्यात फरक पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

निफाडकडे मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. त्यातल्या जाणत्या बाईच्या मागे जरा उभं राहून बघा. काडी बोटांत धरून ती जाडी जोखते, सबकेनची, म्हणजे शेंडा खुडल्यावर फुटलेल्या उपकाडीची, गाठ बघते, काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे ते ठरवते आणि मग कात्री चालते. डोळ्यातला घड नुसत्या नजरेला दिसत नाही, काड्या तपासायला प्रयोगशाळेत द्याव्या लागतात. तो घड धरलेला असतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, उन्हाळ्यात. तेव्हा फुटींची विरळणी नीट झाली नसेल, शेंडा वेळेवर खुडला नसेल, तर ऑक्टोबरात कितीही हुशारी करा, वेल नुसती पानं देते. हे ज्याला कळलं, त्याला उन्हातलं ते काम निव्वळ हमाली वाटत नाही.

आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळकेच घ्या. चित्रकला शिकले, फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईच्या धंद्यात उतरले. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये, त्यांच्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. आधीची सगळी कामं त्यात उपयोगी पडली. चाळिशीपर्यंत आवडीची वाट बघत बसले असते तर?

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. समाधान हा मजुरीला पर्याय नाही. छाटणी एकरावर उक्ती दिली जाते, त्यात त्या बाईच्या नजरेचे वेगळे पैसे कोणी धरत नाही. ते धरले पाहिजेत. आणि कारखान्यात 'काम हीच पूजा' अशी पाटी लावायची, पण हा पार्ट कशात बसतो ते ऑपरेटरला सांगायचंच नाही, हे मला पटत नाही. नुसता ड्रॉइंग नंबर हातात देऊन माणूस कामात जीव कसा ओतेल?

आमच्याकडे नवीन मुलगा आला की मी त्याला पहिल्याच दिवशी असेंब्लीचं ड्रॉइंग दाखवतो. हा पार्ट गाडीत इथे बसतो, माप चुकलं तर हे असं होतं, एवढं सांगायला दहा मिनिटं पुरतात. सातपूर-अंबडच्या सुपरवायझर मंडळींना आणि बागायतदारांना माझी कळकळीची विनंती आहे, उद्यापासून एवढी दहा मिनिटं द्या. आणि पोरांनो, सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.