'निरीक्षक' यांना उत्तर: पोर्शिया काल्पनिक नाही

नमस्कार निरीक्षक,

कोळी खाणाऱ्या पोर्शिया कोळ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आधी आभार मानतो. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो. पण तुमच्या मजकुराला एवढे अंगठे मिळालेले दिसले की म्हटलं, सविस्तरच लिहू.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निरीक्षकांचं मुख्य वाक्य असं आहे: "लेखकमहाशयांनी ऑस्ट्रेलिया, फिलिपाइन्स आणि केनियातल्या कोळ्यांचे पराक्रम एका पोत्यात भरून पोर्शिया नावाचा एक काल्पनिक महाकोळी तयार केला आहे." पुढे ते म्हणतात की यातले बहुतेक प्रयोग एकाच संशोधक गटाचे आहेत, कोळी 'योजना आखतो' हे म्हणणं घाईचं आहे, फोटोखाली जातीचं नाव दिलेलं नाही आणि सह्याद्री सोडून केनियात जायची गरज काय होती. समारोप: "अभ्यास वाढवावा, ही विनंती."

फोटोचं मान्य. खाली 'पोर्शिया लॅबिएटा, मादी' असं लिहायला हवं होतं, आता लिहिलं आहे. चांगली सूचना कोणाकडूनही घ्यावी, या मताचा मी आहे.

पण 'लेखकमहाशय'? समोरासमोर बसलो असतो तर तुम्ही मला असं म्हटलं असतं का? मी निवृत्त होईपर्यंत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. माझे विद्यार्थी आज वनखात्यात आहेत, परदेशी विद्यापीठांत आहेत, आणि त्यांच्यापैकी एकानेही मला 'अभ्यास वाढवा' असं सुनावलेलं नाही. आमच्या घरात छताच्या कोपऱ्यातली जाळी काढायची तर आधी मला विचारावं लागतं. यावरून बायकोचं आजवर किती ऐकून घेतलंय ते तिलाच विचारा. अशा माणसाला कोळ्यांबद्दल टोपणनावाआडून उपदेश करताना निदान सूर तरी सांभाळावा. मतभेद असू शकतात, पण आपल्याकडे ते मांडायची एक रीत आहे.

आता ते पोतं उघडू.

पोर्शिया हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांचा एक जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट. तो कोळीतज्ज्ञ कार्श यांनी १८७८ मध्ये स्थापन केला. त्यात आज सुमारे वीस जाती धरतात, आफ्रिकेपासून दक्षिण आशिया, चीन, आग्नेय आशिया आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या. त्या एकसारख्या नाहीत हे मला माहीत नाही असं तुम्हाला का वाटलं, कळत नाही. घ्या, जातवार सांगतो.

पोर्शिया फिम्ब्रिआटा. क्वीन्सलँडच्या जंगलात हा कोळी दुसऱ्या उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर टपून असतो, मुख्यतः जॅक्सोनॉइडेस क्वीन्सलँडिकस या जातीवर. उड्या मारणाऱ्या कोळ्यांची नजर तीक्ष्ण, त्यामुळे त्यांच्याजवळ पोचणं अवघड. फिम्ब्रिआटा तोंडाजवळचे स्पर्शपाद मागे ओढून घेतो, कारण त्यांच्या आकारावरून भक्ष्याला हा कोळी आहे हे ओळखता येतं. मग अगदी सावकाश, अडखळत पुढे सरकतो. भक्ष्याने तोंड वळवलं की जागच्या जागी थिजतो. अंगावर झुबके, रंग मातकट. पालापाचोळ्याचा तुकडा पडलाय असंच वाटतं. तिथेच युरिअ‍ॅटस नावाचा कोळी आहे. त्याची मादी दोऱ्यांवर टांगलेल्या गुंडाळलेल्या पानात राहते. फिम्ब्रिआटा त्या पानावर उतरतो आणि युरिअ‍ॅटसचा नर जसं पान थरथरवतो तसंच थरथरवतो. मादी नवरा आला म्हणून दाराशी येते. पुढचं सांगायला नको.

याच जातीचे ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतले कोळी मात्र ती थिजत थिजत जायची चाल वापरत नाहीत. हो, एकच जात, एकच देश, तरी वागणं वेगळं. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण लेख आधीच लांबला होता.

पोर्शिया लॅबिएटा. फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योस इथल्या लॅबिएटाच्या वाट्याला सायटोडेस पॅलिडा हा थुंकणारा कोळी येतो. तो समोरच्यावर चिकट द्रव फेकून त्याला जागेवरच डकवतो, आणि त्याचं आवडतं खाणं म्हणजे उड्या मारणारे कोळीच. म्हणून लॉस बान्योसचा लॅबिएटा लांबचा वळसा घालून मागून येतो. पण सायटोडेसच्या मादीच्या तोंडात अंडी असली तर ती सहज थुंकू शकत नाही, आणि तेव्हा लॅबिएटा वळसा टाळून समोरून जायची शक्यता वाढते! त्याच लुझॉन बेटावर सागादाच्या डोंगराळ भागात हा थुंकणारा कोळी नाही, आणि तिथल्या लॅबिएटाला ही सावधगिरीही नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पिल्लांमध्येही हा फरक दिसला, म्हणजे तो उपजत आहे.

पोर्शिया आफ्रिकाना. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्बिता इथे यावर काम झालं. फिओना क्रॉस आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी २०१७ मध्ये दाखवलं की वाटेवर निघण्याआधी दिसलेल्या भक्ष्यांची संख्या पोचल्यावर बदललेली आढळली तर या कोळ्याचं वागणं बदलतं. एक आणि दोन, एक आणि तीन, दोन आणि तीन यांत तो फरक करतो. तीनच्या पुढे सगळं सारखंच.

हे सगळं मला ठाऊक होतं. मग मी पोत्यात काय भरलं? जे सामायिक आहे तेवढंच. १९८६ मध्ये जॅक्सन आणि हॅलस यांनी आफ्रिकाना, अल्बिमाना, फिम्ब्रिआटा, लॅबिएटा आणि शुल्ट्झी या पाच जाती शेजारी शेजारी ठेवून अभ्यासल्या. पाचही जाती स्वतः जाळं विणतात, जे उड्या मारणाऱ्या कोळ्यांत दुर्मिळ आहे. पाचही जाती दुसऱ्याच्या जाळ्यात शिरतात आणि तिथले धागे छेडून, अडकलेल्या किड्याची धडपड वाटेल असं काहीतरी करून मालकाला जवळ बोलावतात. जाळं विणणाऱ्याची नजर अधू, त्याचं सगळं जग धाग्याच्या कंपनात. ही युक्ती क्वीन्सलँडची नाही आणि केनियाचीही नाही, ती पोर्शियाची आहे. याला मी 'पोर्शिया असं करतो' म्हटलं तर काय बिघडलं? वाघावर लिहिताना दर वाक्यात 'बंगालचा', 'सायबेरियाचा' असं लिहायचं का?

(आता कोणीतरी म्हणेल, वाघ ही एकच जात आहे. माहीत आहे.)

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. प्रयोग एकाच गटाचे आहेत असं तुम्ही म्हणता. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात जॅक्सन यांनी आयुष्य याच कोळ्यांवर घालवलं, तर त्यांचंच नाव दिसणार. एखाद्याने नेटाने काम केलं हा त्याचा दोष कसा? असो.

'योजना' या शब्दावर तुमचा आक्षेप आहे. १९९७ मध्ये टार्सिटानो आणि जॅक्सन यांनी फिम्ब्रिआटाला उंचावर ठेवलं. तिथून भक्ष्य आणि वाटा दिसत, पण खाली उतरलं की भक्ष्य नजरेआड जाई. तरी कोळी बहुतेकदा भक्ष्याकडे नेणारीच वाट धरत होते. शरीर जेमतेम सेंटीमीटरभर लांब, आणि नजर मात्र ०.०४ अंशांच्या कोनापर्यंतचा बारीक तपशील टिपणारी. याला योजना म्हणायचं नसेल तर दुसरं काही म्हणा, माझी हरकत नाही. मी तेच म्हणणार.

सह्याद्रीचं म्हणाल, तर पोर्शिया भारतातही आहे. अल्बिमाना भारत, श्रीलंकेपासून व्हिएतनामपर्यंत सापडतो. आणि उड्या मारणाऱ्यांपैकी खास आपलाच हवा असेल, तर ठाण्यातल्या इशियस तुकारामी या जातीचं नाव २०२१ मध्ये जाहीर झालं. शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून दिलेलं नाव आहे ते. पण थुंकणाऱ्या कोळ्याला वळसा घालताना ज्याला पाहिलं गेलं तो लॅबिएटा लॉस बान्योसचा, म्हणून लेख तिथे गेला. विषय जिथला आहे तिथेच जावं लागतं, एवढं तरी तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

पुढचा लेख एव्हार्का क्युलिसिव्होरावर आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातला हा उड्या मारणारा कोळी रक्त प्यायलेले डास निवडून खातो. पुन्हा आफ्रिका, आणि पुन्हा बरंचसं काम जॅक्सन यांचंच. त्या लेखाखाली प्रतिक्रियेचा रकाना उघडा ठेवीन, पण नाव लिहिणाऱ्यांसाठीच.