कोंबड्या बऱ्या, खुराडं आजारी

आमच्या पाच कोंबड्या दिवेलागणीला आपणहून खुराड्यात जात. मी फक्त कडी लावायचो आणि बायकोला ऐकवायचो, "बघ, शिस्त कशी लावलीय!" मग एका संध्याकाळी पाचही जणी दाराशी आल्या, माना वाकड्या करून आत डोकावल्या आणि मागे फिरल्या. ठमी तर थेट छपरावर चढून बसली. दाण्यांची वाटी वाजवली तेव्हा खाली आली, दाणे संपवले आणि पुन्हा वर गेली.

आठवड्याभरात अंडी चारावरून एकावर आली. कमळीचा लालभडक तुरा धुऊन विटलेल्या कापडासारखा दिसायला लागला. उवा झाल्या असणार, असं निदान मी करून टाकलं. भर दुपारी एकेकीला काखोटीला मारून पिसं फुंकून पाहिली. पंखाखाली, शेपटीखाली, कुठे काही नाही. सापडले ते माझ्याच हातावरचे ओरखडे. तरी खबरदारी म्हणून राख चोळली. ती त्यांनी माझ्याच तोंडावर झटकली.

शेवटी पशुवैद्यांना गाठलं.

"रात्री पाहिलंत का?"

"रात्री झोपतात हो त्या."

"म्हणूनच तर!"

रात्री अकराला बॅटरी आणि पांढरा कागद घेऊन खुराड्यात वाकलो. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या अंगाला कागद घासला, तर त्यावर लाल रेघा उमटल्या. रक्त. आमच्या कमळीचं! दांडी जिथे भिंतीच्या खोबणीत बसते तिथे पिठासारखं काहीतरी साचलं होतं. बॅटरी जवळ नेली तर ते पीठ चालायला लागलं. उपाशी होते ते राखाडी, जेवलेले लाल. एकेक जण मिलिमीटरभराचा, पाय मात्र आठ. हे लाल माइट. कोळ्याच्या गोतावळ्यातले. रात्री फटीतून निघायचं, तासाभरात कोंबडीचं रक्त पिऊन घ्यायचं आणि उजाडायच्या आत परत फटीत. भर दुपारी मी कोंबड्यांची झडती घेत होतो तेव्हा ही मंडळी लाकडात गाढ झोपली होती.

"म्हणजे चोर माळ्यावर आणि तू पाहुण्यांचे खिसे तपासत होतास," बायको म्हणाली.

मला एक नामी युक्ती सुचली. खुराडं पंधरा दिवस रिकामं ठेवायचं, म्हणजे उपासमारीने मरतील. डॉक्टर हसले. हे जीव न खाता कित्येक महिने काढतात म्हणे. माझं जेवण तासभर लांबलं तर मला घेरी येते.

मग रविवारी खुराडं खिळान् खिळा सुटं केलं. भुसा जाळला, दांड्या उपसल्या, खोबण्यांत उकळतं पाणी ओतलं. सगळं वाळल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात परमेथ्रिन फवारलं, तेही फटीफटीत, पिचकारीचं नाक खुपसून. हे औषध मांजराला विषासारखं, म्हणून बोक्याला घरात कोंडला होता. त्याने दिवसभर केलेली बोंबाबोंब हा वेगळ्या लेखाचा विषय.

संध्याकाळी कंबर धरून बसलो तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. "सातव्या दिवशी पुन्हा फवारा." का, तर फवारणीतून माइटची अंडी वाचतात. आणि उबदार हवेत अंड्यातून बाहेर पडून, मोठं होऊन, स्वतः अंडी घालण्यापर्यंतचा सगळा संसार हे आठवड्याभरात उरकतात. आमच्या ठमीला पहिलं अंडं द्यायला साडेपाच महिने लागले होते, तेही घरभर ओरडून!

मधल्या आठवड्यात मी फक्त खाजवत होतो. माइट माणसाला चावतात, पण माणसाच्या अंगावर मुक्काम करत नाहीत, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. माझ्या मानेला ते कुणी सांगितलं नव्हतं. खुराड्यातून आलो की मागच्या दारातच कपडे उतरवून बादलीत टाकायचे आणि मगच आत यायचं, असा घरात कायदा झाला.

दुसऱ्या फवारणीनंतर तीन रात्री दांडीखाली कागद फिरवला. तिन्ही वेळा कोरा. चौथ्या संध्याकाळी ठमी छपरावरून उतरली, दाराशी थांबली, आत डोकावली आणि गेली एकदाची. कडी लावून, कोरा कागद प्रमाणपत्रासारखा उंच धरून मी मागच्या दाराशी आलो.

बायको उंबऱ्यात उभी होती. कागदाकडे पाहून म्हणाली, "छान. आता तोच कॉलरखालून फिरव."