डॉक्टर, 'संघटनेमुळे काढलं' असं पत्र कुणीच देत नाही

डॉक्टर, मिरजेतल्या खासगी हॉस्पिटलांतल्या सिस्टरांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही एवढं मोठं उत्तर दिलंत. लेख संघटनेत नाव घातल्यावर सलग नाइट लागलेल्या, मेमो आलेल्या मुलींचा होता. तुमचं म्हणणं असं: हॉस्पिटल म्हणजे साखर कारखाना नव्हे, युनियन आली की संप येतो आणि संपात पेशंट भरडला जातो, 'ताई, संघटनेत गेली म्हणून काढलं असं एक तरी पत्र दाखवा', आणि कायदे भरपूर आहेत, आणखी संरक्षण कशाला? शिवाय चाळीस खाटा चालवणाऱ्या माणसानं करायचं तरी काय, हेही विचारलंत.

आधी पत्राचं बोलते. तसं पत्र माझ्याकडे नाही आणि कुणाकडेच नसणार. सिस्टरला शिक्षा करायला पत्र लागत नाही, ड्यूटीचा तक्ता पुरतो. मी स्वतः सरकारी नोकरीत जाण्याआधी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. तिथे पगाराच्या अर्जावर पहिली सही करणाऱ्या सिस्टरला आयसीयूतून काढून ओपीडीत बसवलं. बाहेरच्याला वाटेल, बरं झालं, बाईला आराम मिळाला. पण पुण्याला किंवा आखातात जायचं तर विचारतात ते आयसीयूतलं काम, आणि तिचं ते काम त्या दिवशी थांबलं. दुसरीचा वीकली ऑफ दर आठवड्याला बदलायला लागला. जतला घर, लहान मूल सासूजवळ. ऑफ कधी हेच ठाऊक नसेल तर एसटी धरायची कधी? तिसरीला दहा मिनिटं उशिरासाठी मेमो आला. उशीर खरा होता, पण त्याच दिवशी उशिरा आलेल्या बाकीच्यांना कुणी हटकलं नाही. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर मेट्रन, म्हणजे सिस्टरांची प्रमुख, सहज सांगेल, 'कामाच्या सोयीसाठी केलं.' सगळ्या गोष्टी अर्जानंतरच्या महिन्यात आणि सही केलेल्यांच्याच वाट्याला आल्या, हे तारखा शेजारी ठेवून पाहिल्यावरच कळतं.

मिरजेत हे जास्त जाचतं, कारण गाव दवाखान्यांचं आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातले पेशंटसुद्धा इकडे येतात. एका रस्त्यावर चार-चार हॉस्पिटलं, आणि मेट्रन एकमेकींना नावानं ओळखतात. एका ठिकाणी 'कटकटी' ठरलेल्या मुलीला दुसरीकडे मुलाखतीत 'कळवतो' एवढंच ऐकू येतं. कामावर घेताना मूळ मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन ठेवून घेणारी हॉस्पिटलं आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. कागद त्यांच्या कपाटात, राहणं त्यांच्या क्वार्टरमध्ये आणि नेमणूक अकरा महिन्यांची. अशा मुलीला काढावं लागतच नाही, करार वाढवला नाही की झालं.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतलं एक वाक्य. 'आमच्याकडेही एक सिस्टर होती, कामाला उत्तम, पण बाकीच्यांना चिथवून वातावरण बिघडवत होती, म्हणून रिन्यू केलं नाही.' डॉक्टर, मागितलेला पुरावा तुम्हीच लिहून दिलात. काम उत्तम होतं म्हणता. मग चिथावणी कसली? नाइट अलाउन्स मिळावा म्हणून चार जणींनी एकत्र जाऊ या, असं ती म्हणाली होती, हेही पुढे तुम्हीच लिहिलंय. ज्याला तुम्ही वातावरण बिघडवणं म्हणता, त्याला कायद्यात संघटित होण्याचा हक्क म्हणतात.

कायदे आहेत हे तुमचं खरं. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा कायदा तर फार बारकाईनं केलेला आहे. इतरांना संघटनेत या म्हटलं म्हणून कामगाराला शिक्षा करणं, संघटनेच्या कामामुळे बढती नाकारणं, धोरणाचं नाव पुढे करून दुष्ट हेतूनं एका जागेवरून दुसऱ्या जागी बदली करणं, वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपण नाकारणं, हे सगळं अनुचित प्रथांच्या यादीत आहे. तक्रार मात्र ९० दिवसांत करावी लागते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यातल्या माणसाला हे माहीत असतं, त्याच्या आधीच्या पिढीनं युनियन पाहिलेली असते. त्याच घरातली मुलगी जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून हॉस्पिटलात लागते, तेव्हा नर्सिंग कॉलेजात तिला यातला एक शब्द शिकवलेला नसतो. कुणीतरी सांगेपर्यंत ते ९० दिवस निघून जातात आणि मग उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो.

हॉस्पिटल कारखाना नाही, हा वाद जुना आहे. उद्योग ठरलं तरच औद्योगिक कायद्याचं संरक्षण मिळतं, म्हणून तो महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयाच्या प्रकरणात रुग्णालय हा उद्योग धरला, १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात ते फिरवलं आणि १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठ्याच्या निकालात पुन्हा रुग्णालयांना उद्योगात आणलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत अनुचित प्रथेला दहा हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे, ही चांगली गोष्ट. पण पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संस्थांनी चालवलेल्या आस्थापना त्या संहितेनं उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ट्रस्टची हॉस्पिटलं आपल्याकडे किती आहेत ते तुम्ही जाणता. गरीब पेशंटसाठी खाटा राखणं हा धर्म झाला. तो पाळताना सिस्टरनं तोंड बंद ठेवावं, असं कुठल्या धर्मादायात बसतं?

संरक्षणात आणखी एक खिंडार आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. संघटनेच्या काही पदाधिकाऱ्यांना 'संरक्षित कामगार' म्हणून मान्यता मिळते. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त शंभर. वाद चालू असताना त्यांना काढायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. मात्र त्यासाठी संघटना नोंदलेली असावी लागते. नोंदणीचा अर्ज किमान सात जणांनी करायचा, त्यात प्रत्येकाचं नाव, काम आणि पत्ता द्यायचा. तीस सिस्टरांच्या हॉस्पिटलात त्या सात जणी कोण, हे कळायला संध्याकाळ लागत नाही. त्या सहीपासून नोंदणी हातात येईपर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा, आणि नेमक्या त्याच काळात त्यांच्यापाशी सिद्ध करण्याचं ओझं सोडून दुसरं काही नसतं. म्हणून माझी मागणी अशी आहे की अर्ज दिल्यापासून वर्षभरात सही करणारीवर कारवाई झाली, तर ती संघटनेमुळे नाही हे मालकानं सिद्ध करावं. तक्ता, मेमो, हजेरीपट सगळं त्याच्याच कपाटात असतं.

सरकारी सिस्टरांचं थोडं वेगळं आहे. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यामुळे मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि दाद मागायला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे. तिथल्या कंत्राटी मुलींची अवस्था मात्र खासगीसारखीच.

संपाचं म्हणाल, तर संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. संघटनेचं रोजचं काम असतं ते नाइटला वीस-पंचवीस खाटांवर एकच सिस्टर का, हे विचारण्याचं. नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक सिस्टर असा आहे. हे एकटीनं विचारलं तर मेमो येतो, म्हणून दहा जणींनी मिळून विचारायचं. पेशंट भरडला जाईल ही तुमची भीती मी हलकी समजत नाही, पण तो कधी भरडला जातो ते पाहा. सक्शन मशीन चालत नाही, ऑक्सिजनचा दाब कमी आहे, एका सिस्टरच्या अंगावर दोन वॉर्ड आहेत, हे सगळ्यात आधी तिलाच दिसतं. मागच्या महिन्यात बोलणारीचं काय झालं हे तिनं पाहिलेलं असेल तर ती रजिस्टरमध्ये लिहिणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून किमान ११ रुग्ण गेले. पुढे अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. दुर्घटनेनंतर जबाबदार म्हणून जिच्या हातात बेडी पडते, तिला दुर्घटनेआधी बिनधास्त बोलता आलंच पाहिजे.

लहान हॉस्पिटलाला पगार परवडत नाही, यावर बोलायला मी तयार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये पन्नासहून कमी खाटांसाठीही महिना किमान वीस हजार सुचवले. तुमची जमाखर्चाची अडचण काय ते सिस्टरांना बोलावून सांगा, त्यांना हिशेब कळतो. पण सूड न घेण्याला पैसे लागत नाहीत.

तेव्हा चाळीस खाटांच्या माणसानं काय करायचं, तर महिन्याचा तक्ता महिना सुरू होण्याआधी लावायचा, आणि बदल करायचा झाला तर कारण त्याच तक्त्यावर लिहायचं. मूळ कागद पाहून त्याच दिवशी परत द्यायचे. सिस्टरांनी पत्र आणलं तर पोच म्हणून शिक्का मारून द्यायचा आणि भेटीची तारीख द्यायची. आणि त्या 'कामाला उत्तम' सिस्टरला शक्य असेल तर परत बोलवा. तेवढं जमत नसेल तर अनुभवाचं प्रमाणपत्र तरी याच आठवड्यात द्या. त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि वॉर्ड लिहा, आणि काम उत्तम होतं हे मला लिहिलंत तसंच तिथेही लिहा. दुसऱ्या हॉस्पिटलातून तिच्याबद्दल फोन आला तर त्यांनाही एवढंच सांगा.