मॅट हवीय? मग आधी सातबारा आणा

गावात मुलींचा कबड्डी संघ काढलाय म्हणता? छान. मॅटसाठी सरकारी अनुदान मागायचं चाललंय? त्याहून छान. परवा मंगळवारी आमच्या मंडळाची फाइल तिसऱ्यांदा परत आली, त्यामुळे या विषयात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. पाच गोष्टी सांगतो, लिहून घ्या.

पहिलं म्हणजे खेळाडू शोधत बसू नका, सातबारा शोधा. बारा पोरी नसल्या तरी भागतं, जागा मात्र मंडळाच्या नावावर पाहिजे. देवळामागं खेळता? मग देवालाच अर्ज करायला सांगा.

दुसरं, फाइल. पहिल्या खेपेला त्रुटी निघाली, धर्मादाय नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स पुसट. नवी काढून दिली. दुसऱ्या खेपेला तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. आमचा वर्षाचा खर्च म्हणजे चुना, क्रेप बँडेज आणि स्पर्धेला जायचं टमटमचं भाडं. सीएची फी त्याच्याहून जास्त झाली. भरली. तिसऱ्या खेपेला क्रीडा कार्यालयातले साहेब म्हणाले, अंदाजपत्रक मागच्या आर्थिक वर्षातलं आहे, दर बदललेत. अहो, मागच्या वर्षी ते तुमच्याच टेबलावर पडलं होतं ना? आवक क्रमांक तुमचा, शिक्का तुमचा, वर चहाच्या कपाचा गोल डाग तोही तुमचाच! मार्चमध्ये आलो तर ‘निधी संपला’, एप्रिलमध्ये आलो तर ‘निधी यायचाय’, मेमध्ये साहेब रजेवर, जूनमध्ये साहेबांची बदली, आणि नवे साहेब म्हणतात, ‘मला आधी विषय समजावून सांगा.’ कबड्डी समजावून सांगू? महाराष्ट्रात?

असो. सल्ला देत होतो, नाही का.

तिसरं, कबड्डीचं नावच काढू नका, खुली व्यायामशाळा मागा. तिला खेळाडू लागत नाहीत, फलक लागतो. आमच्याकडची स्मशानाच्या वाटेवर बसवलीय. तिच्यावर गोधड्या मस्त वाळतात.

चौथं, मैदान लग्नाला द्या.

पाचवं, क्रीडा खात्याकडं पैसा नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. २०२४ च्या डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटींहून जास्त रक्कम वळवल्याचं प्रकरण बाहेर आलं. मुख्य आरोपी कोण, तर १३ हजार पगाराचा कंत्राटी कारकून. बीएमडब्ल्यू घेतल्याचंही छापून आलं. एवढे कोटी दारातून बाहेर जाताना कुणाला एक त्रुटी दिसली नाही. आमची झेरॉक्स मात्र पुसट.

आणि एवढं करूनही जमलं नाही, तर आधी ऑलिंपिकचं पदक आणा, मग मॅट मागा. हाच आपला जुना रिवाज. १९५२ ला पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आता खाशाबांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन असतो. हार, नारळ, फोटो सगळं वेळच्या वेळी. त्या खर्चाच्या फाइलला त्रुटी निघाल्याचं काही ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या मुली जिल्ह्याला खेळायला गेल्या. वर्षभर मातीत अनवाणी खेळलेल्या पोरी तिथं एकदम मॅटवर, बूट घालून. बूट उसने, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. आमची चढाईवाली बोनस गुण घेऊन वळली आणि पाय सरकला. गुडघा एवढा सुजला की येताना तिघींच्या मांडीवर आडवी टाकून आणली.

लाज वाटते का हो कुणाला? मातीत सराव करायला लावून मॅटवर उतरवता, आणि पोरी हरल्या की ‘आपल्याकडं टॅलेंटच नाही’ म्हणून भाषण ठोकता? कचेरीत तोंडावर फेकायला कागद नि व्यासपीठावर मिरवायला पोरी, हे किती दिवस चालणार? आणि गावकऱ्यांनो, तुम्हीही हसू नका. गणपतीच्या डीजेची वर्गणी एका रात्रीत जमते तुमची. मॅटचं म्हटलं की ‘सरकार देतंय की’ म्हणून खिशात हात घालून उभे! सरकार देतंय म्हणून सांगणाऱ्यांपैकी एकानं तरी एकदा माझ्याबरोबर त्या कचेरीच्या बाकड्यावर येऊन बसावं.

पोरगी अजून लंगडतेय. रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून विचारते, ‘सर, मॅट कधी येणार?’ काय सांगू तिला, आवक क्रमांक?