‘आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे लफडं’? रिपोर्ट वाचायला आधी शिका

‘लग्नाआधी हर्पिसची रक्ततपासणी कराच. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ताजं लफडं, आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे जुनं, दोन्ही निगेटिव्ह म्हणजे माणूस स्वच्छ.’ हा मेसेज फिरत फिरत नात्यातल्या एका मुलीच्या होणाऱ्या सासरी पोचलाय आणि तिथे तिच्या रिपोर्टवर खल चाललाय. म्हणून लिहावं लागतंय. हर्पिस म्हणजे ओठांवर किंवा जननेंद्रियांवर फोड आणणारा विषाणूसंसर्ग. आयजीएम आणि आयजीजी म्हणजे त्याच्याविरुद्ध शरीर रक्तात तयार करतं त्या अँटीबॉडींचे दोन प्रकार.

आयजीएम नव्या संसर्गात वाढतं आणि मग ओसरतं, हे इतर काही आजारांत चालून जातं. हर्पिसमध्ये नाही. हा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो, मधूनच उसळतो, आणि उसळला की आयजीएम पुन्हा पॉझिटिव्ह येऊ शकतं. वर ही तपासणी एचएसव्ही-१ (बहुधा ओठांवरचा) आणि एचएसव्ही-२ (बहुधा जननेंद्रियांवरचा) या हर्पिस विषाणूच्या दोन प्रकारांत फरकच करत नाही. म्हणजे लहानपणी मावशीने घेतलेल्या पापीतून लागलेला विषाणू आज ओठावर पुळी होऊन उगवला, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे : हर्पिससाठी आयजीएम करू नये. तरी टॉर्च पॅनेलमध्ये, म्हणजे गर्भाला धोका देणाऱ्या संसर्गांच्या एकत्रित तपासणीत, ती येतेच, आणि त्या एका ओळीवरून पोरीचं चारित्र्य ठरवायला घरचे मोकळे!

आयजीजीबद्दल मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, मान्य. एचएसव्ही-२ची आयजीजी खरोखर पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग बहुतेक लैंगिकच. पण कधीचा, कुणाकडून, हे ती सांगत नाही. आणि ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा. हर्पसिलेक्ट या अँटीबॉडी मोजणाऱ्या एलायझा किटवर आकडा १.१च्या वर गेला की पॉझिटिव्ह छापतात. मात्र आकडा ३च्या खाली असेल तर विशिष्टता (म्हणजे संसर्ग नसलेल्याला निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ३९.८ टक्के एवढीच, असं सीडीसीच सांगते. असा रिपोर्ट वेस्टर्न ब्लॉटसारख्या दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय धरायचा नाही. दुसऱ्या किटची मर्यादा वेगळी असू शकते, म्हणून नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको, आकडा आणि किटचं नाव मागा.

एचएसव्ही-१ची आयजीजी? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या ६४ टक्के लोकांत तो विषाणू आहे. पुढे काय बोलायचं!

निगेटिव्ह म्हणजे स्वच्छ, हेही चूक. अँटीबॉडी तयार व्हायला १२ आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

लक्षणं नसताना ही तपासणी करूच नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२३मध्ये पुन्हा सांगितलंय. लग्नाआधी करायचीच तर एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी करा, दोघांचीही.

फोड आला असेल तर रक्त नव्हे, स्वॅब. पाणी भरलेला ताजा फोड फोडून त्याच्या तळावर स्वॅब घासायचा, व्हायरल ट्रान्सपोर्ट मीडियमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) नळीत टाकायचा आणि विषाणूचा प्रकार सांगणारी पीसीआर, म्हणजे त्याचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, मागायची. खपली धरल्यावर विषाणू हाती लागणं कठीण. तेव्हाच्या निगेटिव्हवर भरवसा ठेवू नका. क्रीम चोपडण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.