रविवारी कावळा चालतो, हरीण नाही

29 नोव्हेंबर 2020, रविवार. पहाटेचे साडेपाच वाजलेले, मिट्ट काळोख. शेताच्या बांधाला गाडी लावून आम्ही उतरलो. मी नारिंगी जाकीट चढवत होतो तेवढ्यात पॅपनी विचारलं, "कागद घेतलास ना?"

कागद घरी होता. फ्रिजवर, चुंबकाखाली. त्या शेतकऱ्याने पशुखाद्याच्या पावतीमागे लिहून दिलेल्या दोन ओळी आणि खाली सही.

पॅप म्हणजे आमचे शेजारी. वय तेव्हा 78. नातवंडं त्यांना पॅप म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. आदल्या दिवशी, शनिवारी, ते याच शेतात दिवसभर बसले होते. शेतकरी "या हो" म्हणाला होता, तेवढं पुरलं होतं. पण रविवारी खासगी जमिनीवर शिकार करायची तर जमीनमालकाची लेखी परवानगी हवी, असं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नव्या कायद्यात होतं. शेतकरी समोरच्याच गोठ्यात दिवा लावून गायींचं दूध काढत होता, दिवा आम्हाला दिसत होता. ऐन धारांच्या वेळी त्याला उठवायचं नाही, आणि कागदाशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही, असं पॅपनी ठरवलं. आम्ही घरी गेलो, कागद घेतला, परत आलो. तोवर लख्ख उजाडलं होतं. हरणं हलतात ती उजाडता-उजाडता, हे शिकारीला गेलेल्या कुणालाही विचारा.

पॅपना दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येणार होतं, मला नाही. मी कार्लाइलजवळ एका गोदामात शिफ्ट सांभाळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर आमच्याकडे मालाचा पूर असतो, आठवड्याचे सहा दिवस काम. हरणाचा हंगाम नेमका याच दिवसांत येतो. त्यामुळे मला मिळतो तो फक्त रविवार. आणि पेनसिल्व्हेनियात 1873 पासून रविवारी शिकारीला बंदी होती.

आपल्या मंडळींना याचं नवल वाटतं, म्हणून मुळापासून सांगतो. रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी कामधंदा, खेळ, करमणूक काही नको, असे कायदे इथल्या जुन्या वसाहतींनी केले. त्यांना इथे ब्लू लॉ म्हणतात. पेनसिल्व्हेनियाचा मोठा कायदा 1794 चा. रविवारचा व्यावसायिक बेसबॉलसुद्धा इथे 1933 पर्यंत बेकायदा होता. 1933 मध्ये लोकांनी मत देऊन तो उघडला. पुढे दुकानं उघडली, सिनेमे लागले. गाड्यांचे डीलर मात्र आजही रविवारी बंद असतात. आणि शिकार बंद राहिली ती राहिलीच.

तीही पूर्ण बंद नव्हती. कोल्हा, कायोटी (लांडग्यासारखा लहान प्राणी) आणि कावळा यांची शिकार रविवारी चालायची. कावळ्याचा तर हंगामच आठवड्यातले तीन दिवस, शुक्रवार, शनिवार आणि रविवार. म्हणजे रविवारी सकाळी बंदूक घेऊन रानात जायचं, कावळा मारायचा, हे कायदेशीर. त्याच रानात हरणावर नेम धरला की गुन्हा. रविवारी रानात शांतता हवी म्हणून बंदी असेल, तर कावळ्यावर झाडलेल्या गोळीला काय आवाज नसतो? देवाचा वार म्हणून असेल, तर कोल्हा काय देवाने केला नाही? पॅप चर्चला नेमाने जाणारे गृहस्थ. हा प्रश्न मी त्यांना पहिल्या वर्षी विचारला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "माझ्या वडिलांनाही हे कुणी समजावून दिलं नव्हतं."

2019 मध्ये कायदा थोडा सैल झाला. वर्षाला तीन रविवार. एक धनुष्यबाणाच्या हंगामात, एक रायफलच्या हंगामात, आणि तिसरा राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यजीव बघणारं खातं, ठरवेल तो. 2020 मध्ये हे रविवार असे आले: 15 नोव्हेंबरला हरीण, पण धनुष्यबाणाने. 22 ला अस्वल. 29 ला हरीण, रायफलने. लागोपाठ तीन रविवार आणि तिन्हींचे नियम वेगळे. मी छापील पुस्तिका घेऊन कॅलेंडरवर तीन रंगांत खुणा केल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिने विचारलं, "बाबा, हे इतकं अवघड का करून ठेवलंय?" मला उत्तर देता आलं नाही.

हे मी चिडून लिहीत नाही, मला मनापासून वाईट वाटतं म्हणून लिहितो. नियम मोडायचा असतो त्याला पुस्तिका वाचावी लागत नाही. रात्री गाडीचा झोत टाकून हरीण मारणारा माणूस आज कुठला वार आहे हे बघत बसत नाही. गोंधळलेल्या कायद्याचा सगळा भार येतो तो कायदा पाळणाऱ्यावर. त्यातही नव्याने शिकणाऱ्यावर, परक्या भाषेत वाचणाऱ्यावर, आणि ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बंदूक नव्हती त्याच्यावर.

मी 2017 मध्ये शिकाऱ्यांसाठीचा सक्तीचा अभ्यासक्रम केला. तो झाल्याशिवाय पहिलं लायसन्स मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. मग पुस्तिका हातात आली. राज्याचे वन्यजीव विभाग पाडलेले आहेत, त्यांना युनिट म्हणतात. त्यांच्या हद्दी बहुतेक रस्त्यांवरून आणि नद्यांवरून जातात. मादी हरणाचं लायसन्स वेगळं, आणि ते ज्या युनिटचं घेतलं तिथेच चालतं. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे चालणारा कागद पलीकडे चालत नाही. नर मारायचा तर शिंगाच्या एका बाजूला किमान तीन टोकं हवीत. पश्चिमेकडच्या काही युनिटांत कपाळालगतचं टोक त्या तीनांत धरायचं नाही. राहत्या घरापासून बंदुकीला 150 यार्ड अंतर, धनुष्याला 50. रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच नारिंगी कापड, चारी बाजूंनी दिसेल असं. हरीण पडलं की जागेवरून हलवण्याआधी टॅग भरून कानाला बांधायचा आणि दहा दिवसांत कळवायचं.

यातले बरेचसे नियम मला पटतात. नारिंगी कपड्याने जीव वाचतात. शिंगांची टोकं मोजायची ती कोवळे नर वाढावेत म्हणून. हा नियम 2002 मध्ये आला तेव्हा लोकांनी खूप आरडाओरड केली होती, पण त्याचं कारण सांगितलं गेलं, पटलं, आणि आज पॅपसारखे जुने लोकही दुर्बिणीतून टोकं मोजल्याशिवाय बंदुकीच्या घोड्याला बोट लावत नाहीत. एकाच जिल्ह्यात रोगग्रस्त पट्टा कुठे सुरू होतो आणि तिथून हरणाचं डोकं व मणका बाहेर का नेऊ द्यायचा नाही, हेही एकदा समजलं की माणूस पाळतो. रविवारच्या नियमाचं मात्र कारणच उरलं नव्हतं. पुस्तिकेत ते कुठे लिहिलेलंही नव्हतं.

गुलाबी पाकिटाची गोष्ट सांगायलाच हवी. मादीच्या लायसन्ससाठी 2022 पर्यंत अर्ज पोस्टाने जायचा. पाकीट ठरावीक गुलाबी रंगाचंच, आत अर्ज आणि चेक, परतीच्या पत्त्यावरही तिकीट, आणि ते काउंटीच्या खजिनदाराकडे धाडायचं. उशीर झाला की तुमच्या युनिटचा कोटा संपलेला. पॅपच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही ती पाकिटं बंद करायचो, त्यांची बायको चेकवरचे आकडे दोनदा तपासायची. 2023 पासून ते सगळं ऑनलाइन आणि लायसन्सच्या दुकानात मिळू लागलं. जुन्या लोकांना चुकचुकल्यासारखं झालं, पण मनात आणलं तर गुंता सोडवता येतो हे तेव्हा दिसलं.

"शिकार हवीच कशाला?" हा प्रश्न आपल्याकडून नक्की येणार. माझी आई माळकरी आहे, तिने तो मला अनेकदा विचारलाय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियात हरणं जवळपास संपली होती. 1895 मध्ये गेम कमिशन स्थापन झालं, बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, माद्यांना संरक्षण दिलं. लांडगा आणि प्युमा आधीच नामशेष केलेले, त्यामुळे हरणांना आवर घालणारं कुणी राहिलं नाही. आज ती इतकी आहेत की जंगलातली रोपटी वाढायच्या आत खाल्ली जातात, ओक उगवतो पण मोठा होत नाही. गाडीसमोर हरीण येऊन होणाऱ्या अपघातांत हे राज्य कायम वरच्या रांगेत असतं. माझ्याच शिफ्टवरच्या एका मुलाची गाडी अशीच गेली, तो नशिबाने वाचला. मारलेलं हरीण आम्ही खातो. ज्यांना जास्त होतं ते अन्नछत्रांना देतात, त्यासाठी 1991 पासून राज्यभर व्यवस्था आहे. आईला हे सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. पण तिने ऐकून घेतलं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. शेतकऱ्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं रविवारच्या शिकारीला विरोध केला. सहा दिवस आपल्या रानात परकी माणसं येतात, एक दिवस तरी कुणी नको, हे मागणं रास्त आहे. डोंगरवाटांवर चालणाऱ्यांना, घोड्यावरून फिरणाऱ्यांनाही रविवार हाच निवांत दिवस. आणि लँकेस्टरकडचे आमिश, म्हणजे जुन्या रीतीने राहणारे ख्रिस्ती लोक, तर कायदा काहीही म्हणो, रविवारी बंदुकीला हात लावणार नाहीत. पण जमीनमालकाला नाही म्हणायचा हक्क सोमवारीही आहे आणि रविवारीही. त्याची वाट अडवणारे, पाट्या लावूनही आत घुसणारे लोक आहेत, त्यांना जबर दंड करा, मी पहिला टाळी वाजवीन. त्यांच्यापायी नर्स, गोदामातला कामगार आणि शाळेत जाणारं पोर, ज्यांना शनिवार-रविवारच मोकळे, त्यांचा अर्धा हंगाम का कापायचा? निवृत्त माणसाला सगळा आठवडा आहे. पॅप स्वतः हे बोलून दाखवतात.

शेवटी 2025 च्या जुलैमध्ये गव्हर्नर जॉश शापिरो यांनी बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. आता कुठले रविवार उघडायचे ते गेम कमिशन ठरवतं. त्या वर्षी त्यांनी 14 सप्टेंबर ते 7 डिसेंबर असे सलग तेरा रविवार उघडले. मला फार आनंद झाला. 30 नोव्हेंबरच्या रविवारी मी पॅपबरोबर त्याच शेतात बसलो. ते 83 चे झालेत, मचाणावर चढत नाहीत, खाली खुर्ची टाकून बसतात.

पण गुंता संपलेला नाही. या तेरा रविवारीसुद्धा बदकं आणि इतर स्थलांतरित पक्षी चालत नव्हते.  नाताळनंतर ठासणीच्या बंदुकीचा हंगाम लागला, तेव्हा रविवार बंद होते. म्हणजे कॅलेंडरवर रंगीत खुणा आहेतच. माझं म्हणणं साधं आहे: हंगाम उघडा असेल तर तो सातही दिवस उघडा असावा, आणि जिथे अपवाद करायचा तिथे त्याचं कारण एका ओळीत छापावं.

बाकीच्या राज्यांत याहून विचित्र प्रकार आहेत. व्हर्जिनियात रविवार उघडला, पण प्रार्थनास्थळापासून 200 यार्डांच्या आत नाही. उत्तर कॅरोलिनात रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा बंदूक खाली. न्यू जर्सीत, जिथे आपली एवढी मराठी मंडळी राहतात, रविवारी हरणाला धनुष्य चालतं, बंदूक नाही. मॅसॅच्युसेट्स आणि मेनमध्ये पूर्ण बंदी. मेनने 2021 मध्ये अन्नाचा हक्क राज्यघटनेत घातला, त्याच्या आधारे एक जोडपं न्यायालयात गेलं, आणि 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रविवारची बंदी कायम ठेवली.

ठासणीची बंदूक म्हटलं की मला गाव आठवतं. आमचं घर कुडाळ तालुक्यात. बाबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मग मतदानाचा आणि डुकरांचा हंगाम एकच का असेना. आणि परवाना शेती राखण्यासाठी असला तरी 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानडुकराला मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. एका रात्रीत भाताचं आडवं झालेलं शेत बघून बाबा पायरीवर बसले आणि म्हणाले, "बंदूक माजी, शेत माजा, पण डुकर सरकारचो." भारतात सर्रास शिकारीला बंदी आहे ती मला पूर्ण मान्य आहे, आपल्याकडे जंगलं केवढीशी उरलीत. पण आपलं पीक राखायला काय करता येतं आणि काय नाही, हे त्या माणसाला कुणीतरी त्याला कळेल अशा भाषेत सांगायला हवं होतं. दोन कचेऱ्यांनी त्यांना एकमेकांकडे पाठवलं. तो कागद कधी आलाच नाही.

आता एक काम. हॅरिसबर्ग, कार्लाइल, मेकॅनिक्सबर्ग भागातली आपली बरीच कुटुंबं रविवारी मुलांना घेऊन गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी रानात, फिरायला जातात. इतकी वर्षं रविवार सुरक्षित धरून गेलो, ती सवय आता सोडायला हवी. 15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर गेम लँडवर फिरणाऱ्यानेही नारिंगी घालायचं असा नियम आहे. पूर्वी त्यातून रविवार वगळलेला होता. तुम्ही वारही बघू नका, तारीखही बघू नका, सप्टेंबरपासून पुढे नारिंगी घालूनच जा, कुत्र्यालाही घाला. आमच्याकडे जादा नारिंगी जाकिटं आहेत, दोन लहान मुलांच्या मापाची. ज्यांना हवीत त्यांनी मेसेज करा, शनिवारी रात्री कामावरून येताना आणून देईन.